आभाळाकडे पाठ

आमच्या पॅकहाऊसच्या फाटकातून मास्तर आत शिरले की पहिला प्रश्न ठरलेला असे. रामराम नाही, चहापाण्याची चौकशी नाही. समोर जो कोणी उभा असेल, मग तो मालक असो, हमाल असो की नुकताच ट्रकमधून उतरलेला ड्रायव्हर, त्याच्याकडे बोट रोखून ते विचारत, "घाबरला का नाय?"

नवखा माणूस हसून "नाही बुवा" म्हणे आणि तिथेच फसे. मास्तर त्याला दंडाला धरून बाहेर नेत, पश्चिमेकडे तोंड करून उभा करत आणि आभाळातला रुमालाएवढा ढग दाखवत. "तो काय हाय? कापूस? आणि हवा पडलीय ती कशामुळं? कुणी पंखा बंद केला का?" पाच मिनिटांत त्या माणसाच्या कपाळावर घाम येई. मग मास्तर समाधानाने त्याचा खांदा थोपटत. "आता घाबरला ना? मग ठीक हाय. आता तुझा माल वाचंल."

मी त्या पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं बघत असे. निफाडच्या आसपासची द्राक्षं आमच्याकडे येत, खोक्यांत बसत, थंड होत आणि बोटीने परदेशी जात. त्यांच्याबरोबर जाणारा इंग्रजी कागदांचा गठ्ठा माझा. म्हणून मास्तरांनी माझं नाव ठेवलं होतं 'कागद'. "ए कागद, इकडं ये!" ही हाक आली की मी पेन टाकून उठत असे, कारण न उठण्याची माझी छाती नव्हती.

'मास्तर' हेही तसं ठेवलेलंच नाव. आयुष्यात त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते द्राक्षबागांचे सल्लागार. पण बागेत शिरले की बागाईतदाराला, त्याच्या बायकोला आणि भावाला वेलींच्या ओळीत उभं करून तोंडी परीक्षा घेत. उत्तर चुकलं की ओरडत नसत. शांतपणे जाऊन मोपेडला किक मारत आणि निघून जात. त्या किकच्या आवाजाने मोठमोठ्या बागाईतदारांना मोपेडमागे धावताना मी पाहिलं आहे. थोडक्यात सांगायचं तर सगळा तालुका मास्तरांना भीत होता आणि मास्तर आभाळाला भीत होते.

अंगाने काटकुळे, कान मोठे, गळ्यात भर मे महिन्यातही मफलर. सदऱ्याच्या डाव्या खिशात छाटणीची कात्री, उजव्या खिशात सुतळीचा गुंडा. मोबाइलवर हवामान सांगणारी चार अ‍ॅप. तिघांनी ऊन सांगितलं आणि एकाने पाऊस, तर मास्तरांचा विश्वास त्या एकावर. चौघांनीही ऊन सांगितलं तर मास्तर जास्तच बेचैन होत. "चौघं एकमतानं खोटं बोलू ऱ्हायलेत," असं म्हणत मोबाइल उताणा ठेवत, म्हणजे त्यालाही आभाळ दिसावं.

पश्चिमेकडे पाठ करून ते कधी बसत नसत. आमच्याकडची गारपीट बहुधा त्याच अंगाने येते असा त्यांचा हिशेब. त्यांच्यापायी न्हाव्याने खुर्ची आरशाकडून फिरवून दाराकडे केली होती आणि बिचारा त्यांचे केस अंदाजाने कापत असे. मंगल कार्यालयात ते पाऊल टाकत नसत. अक्षता बाहेरून टाकत. "आत आभाळ दिसत नाय," हे कारण.

आणि ही भीती लागणीची होती हो! मी नाशकात इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर राहणारा माणूस. माझ्या घरात साधी तुळशीची कुंडी नाही. तरी मास्तरांच्या सहवासात दोन हंगाम काढल्यावर मी चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत उभा राहू लागलो, पश्चिमेकडे बघत. बायको म्हणाली, "अहो, आपली कुठली बाग आहे?" मी म्हटलं, "बाग नाही, पण ढग आहे ना."

त्यांचं हे असं कशामुळे झालं, ते मला शेठने सांगितलं. शेठ म्हणजे पिंपळगावकडचा एक ऐसपैस बागाईतदार, मास्तरांचा आवडता विद्यार्थी आणि पोटाने तिघांना पुरेल एवढा. एकदा चहाच्या सुट्टीत तो आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तरची स्वतःची दोन एकर बाग होती, ठाऊक हाय का? अशी बाग, राव, की माणूस रस्त्यावर गाडी थांबवून बघायचा."

घड भरले होते, काढणी चार दिवसांवर आली होती. मांडवाच्या कोपऱ्यातली एक ताण तार सैल झाली होती. मास्तर म्हणाले, उद्या ओढू. आणि घोटीला एका लग्नाला गेले. कार्यालय पत्र्याचं, चारी बाजूंनी बंद. मास्तर पंगतीत दाराकडे पाठ करून बसले होते आणि कुणाच्या तरी विनोदावर मनापासून हसत होते, तेवढ्यात फोन आला. गारा आणि वारा दोन्ही एकदम आले होते. सैल कोपरा सुटला आणि त्याच्यामागे सगळा मांडव, तारा, लोखंडी अँगल, घडांच्या वजनासकट खाली बसला. मास्तर पोचले तेव्हा दोन एकर वेली जमिनीवर लोळत होत्या.

"तेव्हापासून स्वतःची बाग लावली नाय त्यांनी," शेठ म्हणाला. "त्या रानात सोयाबीन पेरतात. आणि दुसऱ्याच्या बागेत वेलीची एक कोवळी फूट जरी लोंबताना दिसली, तर आधी तिला बांधतात, मग पाणी पितात."

बांधण्यासाठी त्यांनी स्वतःची एक गाठ काढली होती. 'मास्तरची गाठ' म्हणून ती तालुकाभर प्रसिद्ध होती. सुतळीला दोन वेढे, एक उलटा फास, आणि मग ब्रह्मदेव आला तरी ती सुटत नसे. वारा जेवढा ओढेल तेवढी ती घट्ट होई. मास्तरांनी आयुष्यात गर्व केला असेल तर त्या गाठीचा.

ही गाठ लक्षात ठेवा. तिने पुढे आमचा जीव घेतला.

झालं असं, की एका मे महिन्यात, एप्रिलची छाटणी उरकल्यावर, आमच्याकडच्या अकरा बागाईतदारांनी परदेशी अभ्यासदौरा काढला. भाषेसाठी मी. आणि मास्तरांना न्यायचं यावर एकमत होतं. शेठ म्हणाला, "ते नसले तर आपल्याला घाबरवणार कोण?" मुंबईच्या विमानतळावर तपासणीत मास्तरांच्या खिशातली कात्री काढून घेतली. मास्तरांनी रिकाम्या खिशावर असा हात ठेवला, जणू आतलं काळीजच काढून नेलंय. सुतळी मात्र कुणी अडवली नाही. ती त्यांनी बॅगेत भरपूर घेतली होती, आणि बाकीच्या अकरा जणांच्या बॅगाही स्वतःच्या देखरेखीखाली सुतळीने आवळून घेतल्या होत्या. "परदेशात सुतळी मिळती का नाय, कुणाला ठाऊक?"

आठ दिवस शीतगृहं, बागा, बाजार बघून झाले आणि शेवटचे दोन दिवस विश्रांती म्हणून टूरवाल्याने आम्हाला ग्रीसच्या एका छोट्या बेटावर सोडलं. बेटाचं नाव मी सांगणार नाही. तिथे अजून आमचा विषय निघतो असं ऐकतो.

बोटीवर मास्तरांनी आपली बॅग सुतळीने कठड्याला बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक माझ्या पट्ट्यात अडकवलं.

"मास्तर, हे काय?"

"तू पडला तर बॅग हलंल. मला कळंल."

"आणि बोटच बुडाली तर?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, त्या निळ्या पाण्याकडे बघितलं आणि पट्ट्यातली सुतळी सोडून घेतली. "मग बॅगबरोबर तू कशाला?" म्हणाले. एवढ्या भीतीतही त्यांचा हिशेब चोख होता.

बेटावर उतरल्यावर बसने जाताना आधी किनारा लागला. काय ती वाळू! भाजून चाळलेल्या रव्यासारखी, मैलभर. आमचे बागाईतदार पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्यावर टॉवेल टाकून, लाटांच्या काठाशी चिवड्याची पिशवी फोडून बसले. शेठ तर बाळासारखा पाण्यात बसकण मारून हसत होता. मास्तर रस्त्यावरच उभे. खाली वाकून त्यांनी चिमूटभर वाळू उचलली, बोटांत चोळली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कागद, ही वाळू हितं आणली कुणी?"

"समुद्राने आणली असेल."

"समुद्रानं काठावर आणली. पार त्या टेकडीच्या निम्म्यात कुणी नेली?" त्यांनी बोट दाखवलं. खरंच, टेकडीच्या उतारावर, दगडी बांधांच्या कुशीत वाळूचे ढीग साचले होते. "एवढी वाळू उचलून नेणारा वारा कसा असंल?" उन्हात उभा असूनही माझ्या अंगावर काटा आला.

गाव त्या टेकडीच्या वर. पांढरी घरं एकमेकांना डाळिंबाच्या दाण्यांसारखी चिकटलेली. गल्ल्या इतक्या अरुंद की शेठला एका ठिकाणी आडवं व्हावं लागलं. भिंती हातभर जाड. सगळ्या घरांच्या खिडक्या एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूला नुसती आंधळी भिंत. अंजिराची झाडं होती, पण सगळी एकाच दिशेला कमरेतून वाकलेली, कुणीतरी मानेवर हात ठेवल्यासारखी. वारा मात्र त्या दिवशी झुळूकभरही नव्हता. मास्तर एकेक वाकलेलं झाड बघत चालले होते आणि त्यांचा मफलर वर वर चढत होता.

माझी आणि मास्तरांची सोय एका म्हातारीच्या घरी होती. डोक्याला काळा रुमाल, हात मुळांसारखे गाठाळलेले. आम्ही तिला मावशी म्हणू लागलो आणि तीही त्याला ओ देऊ लागली. तिच्या दाराची चौकट इतकी बुटकी की आत शिरताना आपोआप नमस्कार घडे. रात्रीच्या जेवणाला तिने आपल्या घट्ट वरणासारखा पिवळ्या डाळीचा गोळा वाढला, वर कच्चा कांदा. मास्तर दोनदा मागून जेवले. मग तिने चिमणीएवढे दोन पेले भरून काळपट गोड वाइन दिली. समोरच्या चौकात कॉफीचं दुकान चालवणारा एक मिशाळ गृहस्थही जेवायला आला होता; तो पूर्वी बोटींवर कामाला होता. त्याला इंग्रजी येत होतं आणि मुंबईच्या गोदीत तीन दिवस काढल्यामुळे 'चलो' एवढं हिंदी. तो कौतुकाने म्हणाला, "ही हिच्या घरामागच्या वेलींची. साठ वेली आहेत. नवऱ्याच्या आजोबांनी लावलेल्या. आता ही एकटीच बघते. गावात कुठलंही बारसं असो, बाळाच्या ओठाला पहिला थेंब हिच्याच वाइनचा लागतो. माझ्याही लागला होता."

मी ते मराठीत सांगितलं. मास्तरांचे कान टवकारले. "बाग हाय? मागं? मग आधी बाग दाखवायची सोडून जेवायला काय घातलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी डोळे दाखवायला बंदराच्या गावी गेली. संध्याकाळच्या बसने येणार होती. मी आंघोळ करून बाहेर येतो तो मास्तर मागच्या दारात उभे. चेहरा भिंतीसारखा पांढरा.

"कागद," ते म्हणाले, "बाग पडलीय रे."

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. मागे बांधाच्या आत भुरभुरीत जमीन, आणि तिच्यावर साठ वेली अक्षरशः लोळत होत्या. ना खांब, ना तार. जुन्या जाड काड्या जमिनीवर गोल वेटोळी होऊन पडलेल्या आणि त्या वेटोळ्यांतून कोवळ्या हिरव्या फुटी बाहेर आलेल्या.

"वाऱ्यानं पाडली," मास्तर कुजबुजले. "कालच म्हणलो नव्हतो? एकटी बाई. उचलायला माणूस नाय. कोणाला सांगणार ती?" त्यांचा हात आपोआप उजव्या खिशात गेला. "आणि पडूनसुद्धा फुटल्यात बघ, कागद. जीव सोडला नाय."

आता माझा गुन्हा सांगतो. बाकीच्या बागाईतदारांना बोलवायला मी गल्लीतून गेलो तेव्हा शेजारच्या बांधाआड मला तशाच वेली जमिनीवर दिसल्या. त्याच्या पलीकडेही. मी परत येऊन म्हणालो, "मास्तर, शेजारच्यांच्याही पडल्यात."

"मग? वादळ काय एकटीच्या दारात येतंय?"

तर्क बिनतोड होता. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. चौकात जाऊन कॉफीवाल्याला विचारणं दोन मिनिटांचं काम. पण विचारायला गेलो तर मास्तरांवर शंका घेतली असं होणार, आणि इथे मोपेड नसली तरी तो किकचा आवाज माझ्या कानात वाजला. मी गप्प बसलो.

नऊ वाजता काम सुरू झालं. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वेळू तोडून आणले. अकरा बॅगा सुटल्या आणि सगळी सुतळी गोळा झाली. दहा दिवस बागेला हात न लागल्याने त्या अकरा जणांचे हात शिवशिवत होते. जुनी वेटोळी कोणी हलवली नाहीत, ती मोडली असती. वेलीगणिक तीन वेळू रोवले आणि कोवळ्या फुटी अलगद वर घेऊन बांधल्या. मास्तर ओळीतून फिरत होते. "हळू! लेकराचा हात हाय तो. गाठ दाखव. ही माझी गाठ हाय? उलटा फास कुठं गेला? सोड. परत बांध." शेठ गुडघ्यांवर बसून गुणगुणत होता.

दीड वाजता बाग उभी राहिली. साठ वेली, कमरेएवढ्या उंच, शाळेच्या कवायतीसारख्या सरळ रांगेत. मास्तर एका टोकाला उभे राहून बघत होते. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मफलर काढताना पाहिलं.

"येऊन बघंल आणि रडंल ती," मास्तर म्हणाले.

दुकान बंद करून कॉफीवाला गल्लीतून घरी चालला होता. आमचा आवाज ऐकून तो बांधावरून डोकावला. मी अभिमानाने हात वर केला. त्याने केला नाही. तो आधी वेलींकडे बघत राहिला, मग आमच्याकडे, आणि मग त्याने वळून उत्तरेकडे समुद्राकडे पाहिलं. तिथे पाण्यावर पांढऱ्या कडेची एक काळी रेघ ओढल्यासारखी दिसत होती.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

पुढचं त्याने घाईघाईने सांगितलं. दर हिवाळ्यात मावशी गुडघ्यांवर बसून एकेक काडी गोल विणते. वेलीची टोपली करते. द्राक्षं त्या टोपलीच्या पोटात वाढतात आणि वारा वरून निघून जातो. पहाटेचं दव आत धरून राहतं. तिच्या सासूने तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूने. "या बेटावर उभं राहिलेलं काहीही टिकत नाही. झाडं बघितली नाहीत का? तो वारा बघा. तासाभरात इथे असेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर तर हसऱ्या चेहऱ्याने, कारण त्यांना वाटलं कौतुक चाललंय. आयुष्यभर मी इंग्रजी कागद मराठीत सांगितले, पण सगळ्यात अवघड भाषांतर सात शब्दांचं निघालं.

"मास्तर, ही पडली नव्हती. ही बसवली होती."

सवयीने मास्तरांनी पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिम स्वच्छ होती. मग मी त्यांचा खांदा धरून त्यांना उत्तरेकडे वळवलं आणि ती रेघ दाखवली. दोन दिवस हा माणूस या बेटावर आभाळावर पहारा देत होता, आणि पहारा चुकीच्या दाराशी होता.

"मास्तर, आता?" शेठने हळूच विचारलं. पाण्यात बसून हसणारा तो एवढा मोठा माणूस, त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सोडा," मास्तर म्हणाले. "सगळं सोडा."

आणि तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं. ती मास्तरची गाठ होती. दोनशेच्या वर गाठी, अकरा जणांच्या तयार हातांनी बांधलेल्या, एकही कच्ची नाही. मास्तरांनी स्वतः तपासून कच्च्या होत्या त्या परत बांधून घेतल्या होत्या. आणि कात्री मुंबईत राहिली होती.

त्यानंतरचा तास मला सलग आठवत नाही. नखं तुटली. दातांनी सुतळी चावताना हिरड्यांतून रक्त आलं. कुणी दगडावर दगड ठेवून सुतळी ठेचत होता, कुणी किल्लीने घासत होता. वेळूच उपटावा तर बांधलेली फूट मोडत होती. कॉफीवाला घरातून पाव कापायची सुरी आणि बायकोची शिवणाची कात्री घेऊन धावत आला आणि "चलो! चलो!" ओरडत आमच्यात गुडघ्यांवर बसला.

पहिल्यांदा पक्ष्यांची किलबिल थांबली. मग वाकलेल्या अंजिरांची पानं सगळी एकदम उलटी झाली. मग आवाज आला. तो वाऱ्याचा आवाज आहे हे मला आधी कळलंच नाही. बस चढ चढतेय असं वाटलं. आणि मग खालच्या किनाऱ्यावरची ती रव्यासारखी वाळू टेकडीवर येऊ लागली. गालांवर, डोळ्यांत, दातांत. वेळू शिट्ट्या वाजवू लागले. जेवढा वारा ओढत होता तेवढ्या गाठी घट्ट होत होत्या, मास्तरांनी शिकवलं होतं अगदी तसं. माझ्या समोर एक फूट कट्कन मोडली. तिच्यावर तांदळाच्या कणीएवढे कोवळे घड होते. दुसरी मोडली. तिसरी.

"आडवे व्हा!" मास्तर ओरडले. "वेलीच्या अंगावर आडवे व्हा!"

ज्या सुटल्या नव्हत्या त्या वेलींभोवती एकेक माणूस जमिनीवर पडला, पाठ वाऱ्याला देऊन, पोटाशी वेल धरून. शेठच्या कुशीत तर दोन मावल्या. आणि मी मास्तरांना पाहिलं. बांधाच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे मार सगळ्यात जास्त होता, ते पालथे पडले होते. दोन्ही हातांनी त्यांनी एका वेलीला मिठी मारली होती. आणि त्यांची पाठ आभाळाकडे होती. सदरा पाठीवर फडफडत होता. न्हाव्याची खुर्ची फिरवणारा तो माणूस आता वर मान करून बघतसुद्धा नव्हता.

संध्याकाळच्या बसने मावशी आली. मागच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या बागेत तेरा परके पुरुष आणि एक कॉफीवाला जमिनीवर लोळत होते. ती किंचाळेल असं मला वाटलं. ती किंचाळली नाही. रुमाल घट्ट करून ती खाली बसली आणि पहिल्या वेलीपासून कामाला लागली. आमच्याकडे तिने पाहिलंही नाही. सुटलेल्या फुटी तिच्या बोटांखाली परत टोपलीत जाऊन बसत होत्या. एकेक करत ती मास्तरांपर्यंत पोचली आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"सरक, शेठ," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "गाठ सुटत नाय."

मावशीने कमरेच्या खिशातून वाकडी सुरी काढली आणि मास्तरची गाठ एका झटक्यात कापली.

मास्तर उठून बसले. तोंडभर वाळू, ओठ फाटलेले. ते थरथरत होते. मावशी त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. कॉफीवाल्याने मला सांगितलं, मी मास्तरांना. "विचारतेय, हा माणूस एवढा का घाबरलाय? वारा तर रोजचा आहे."

मास्तरांच्या प्रश्नाला तालुक्याने इतकी वर्षं उत्तरं दिली. त्यांना कुणी तो पहिल्यांदाच विचारत होतं.

"तिला सांग," ते म्हणाले, "माझी बाग पडली तेव्हा मी हसत होतो."

मी सांगितलं. कॉफीवाल्याने सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि मोडलेल्या वेलींकडे बोट करून एक आकडा सांगितला. चौदा. तिने येता येता मोजल्या होत्या. यंदा त्या चौदांना फळ नाही. खोडं जिवंत आहेत का, ते पुढच्या वसंतात कळेल. कदाचित फुटतील, कदाचित नाही. तिने दिलासा दिला नाही आणि दोषही दिला नाही. डाळीचा गोळा मात्र त्या रात्रीही वाढला. मास्तरांनी ताटाला हात लावला नाही.

परतीच्या बोटीवर त्यांनी बॅग कशालाही बांधली नाही. पाण्याकडे बघत म्हणाले, "कागद, तुला सकाळी शंका आली होती ना?"

"हो."

"मग बोलला का नाय?"

"तुम्हाला घाबरलो, मास्तर."

त्यानंतरच्या हंगामात एक फरक पडला. पॅकहाऊसच्या फाटकातून आत आले की ते गुपचूप माझ्या टेबलाशी येत आणि हळूच विचारत, "काही आलं का रे?" मी नाही म्हणून मान हलवत असे. कॉफीवाल्याकडे माझा नंबर होता, पण वसंत यायला अवकाश होता. बाकी ढग तेच, चार अ‍ॅप तीच, 'घाबरला का नाय' तेच. मात्र कुणाचं उत्तर चुकलं तर ते मोपेडकडे जात नसत. विचारत, "तुला काय वाटतं?" बागाईतदार आणखीच घाबरत.

एप्रिलमध्ये एका दुपारी माझ्या मोबाइलवर फोटो आला. मी गाडी काढली आणि विचारत विचारत शेठच्या बागेत गाठलं त्यांना. पश्चिमेला काळं भरून आलं होतं. शेठची शेवटची काढणी चालू होती, मजुरांची धावपळ, आणि मास्तर ओळीच्या तोंडाशी आभाळाकडे मान करून उभे.

मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. भुरभुरीत जमीन, गोल टोपल्या, आणि प्रत्येक टोपलीतून वर आलेलं हिरवं. खाली कॉफीवाल्याने एक आकडा लिहिला होता. मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. बोटाने फोटो मोठा करून एकेक वेल मोजली.

"चौदाच्या चौदा?"

"चौदाच्या चौदा, मास्तर."

त्यांनी मोबाइल मला परत दिला. मग गळ्यातला मफलर काढून त्याची घडी केली, ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. वेलींकडे तोंड करून. पश्चिमेकडे पाठ.

लांबून शेठ ओरडत आला. "मास्तर! ओ मास्तर! ढग येऊ ऱ्हायलेत, बघा की! काय करायचं?"

"आज तू घाबर," मास्तर म्हणाले. "मी जरा बसतो."